काडतुसाआधी नेम

(बी. कॉम. द्वितीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने शिकारीच्या काडतुसावर लेख लिहावा, हे पाहून आमच्या अकाउंटन्सीच्या सरांच्या कपाळाला आठ्या पडतील, याची मला पूर्ण कल्पना आहे. संपादक मंडळातल्या एका मित्राने तर तोंडावरच विचारले, "दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलाखेरीज तू आयुष्यात काय उडवले आहेस?" प्रामाणिकपणे उत्तर देतो. एन. सी. सी. च्या शिबिरात मी .२२ रायफलीची पाच काडतुसे उडवली. त्यांतल्या दोन गोळ्या कागदाला लागल्या. उरलेल्या तीन कोठे गेल्या, हे हवालदारसाहेबांनाही सांगता आले नाही. एवढ्या भांडवलावर मी हा लेख लिहीत आहे. परंतु विषय जेवढा बंदुकीचा आहे तेवढाच जमाखर्चाचाही आहे, आणि तेथे माझा थोडाफार अधिकार चालतो.

आणखी एक खुलासा आधीच केलेला बरा. आपल्या देशात हौसेची शिकार बंद आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिच्यावर कडक बंधने आली आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याचे उरलेसुरले दारही लागले. ते बंदच राहावे, असे माझे स्वच्छ मत आहे. पण जगात सगळीकडे तसे नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात दर वर्षी पानगळीच्या दिवसांत सरकारच शिकारीचे परवाने देते, हंगाम ठरवून देते, रायफलवाल्या शिकाऱ्याने भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडा अंगावर घालावा अशी सक्ती करते आणि मारलेल्या जनावराचे मांस वाया घालवणे हा गुन्हा मानते. माझा आतेभाऊ, म्हणजे आमचा दादा, नोकरीनिमित्त तेथे डेन्व्हरला असतो. गेल्या वर्षी त्याने शिकारीचा रीतसर शिक्षणवर्ग पुरा केला आणि आमच्या घरात वादाला तोंड फुटले.

वाद असा. दादाला एल्कची शिकार करायची होती. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या कुळातले थोराड हरीण. पुरा वाढलेला नर तीनशे किलोच्या घरात जातो, कधी त्याहूनही अधिक भरतो. रॉकी पर्वतातली ती उघडी कुरणे आणि समोरासमोरचे डोंगरउतार. तेथे जनावर कधी दोनशे यार्डांवर दिसते, तर कधी पाचशेवर. तेव्हा पाचशेवर पोहोचेल असे काडतूस घ्यावे, असे दादाने ठरवले आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम निवडले. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याने ही बातमी आजोबांना दिली. आमचे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "काडतूस पाचशेवर पोचंल रे. तू पोचशील का?"

या एका प्रश्नावर पुढे तीन आठवडे खल चालला. आकडेमोडीचे काम अर्थातच माझ्याकडे आले. माझे जे मत बनले ते त्या आकडेमोडीतून बनलेले आहे.

काडतूस म्हणजे पितळेची पुंगळी, तिच्यात दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. गोळीचे आणि दारूचे वजन ग्रेनमध्ये मोजतात. १८० ग्रेन म्हणजे सुमारे पावणेबारा ग्रॅम. आता दोन काडतुसे शेजारी शेजारी ठेवू. पहिले .३०-०६ स्प्रिंगफील्ड. अमेरिकन सैन्याने ते १९०६ साली स्वीकारले, म्हणून नावात ०६. दुसरे दादाचे .३०० विंचेस्टर मॅग्नम, हे १९६३ सालचे. दोन्हींत गोळी एकाच जाडीची बसते, आणि आपण ती १८० ग्रेनचीच धरू. फरक राहिला फक्त दारूचा. जुन्यात ती पंचावन्न ग्रेनच्या आसपास, मॅग्नममध्ये सत्तरच्या पुढेमागे. नळीतून बाहेर पडताना जुन्याची गोळी सेकंदाला सुमारे २७०० फूट वेगाने जाते, मॅग्नमची २९६० फुटांनी.

अर्थशास्त्राच्या पहिल्याच वर्षी आपण घटत्या फलाचा नियम शिकतो. शेतात खत टाकत गेले तरी पीक त्या प्रमाणात वाढत नाही. येथे तेच आहे. दारू पाव हिश्श्याहून जास्त वाढली, पण वेग दहा टक्क्यांनीही वाढला नाही. गोळीची ऊर्जा २९०० फूट-पौंडांवरून ३५०० वर गेली, म्हणजे वीस टक्क्यांची वाढ. मात्र त्याच वजनाच्या बंदुकीत खांद्याला बसणारा धक्का किमान तिसऱ्या हिश्श्याने वाढला. नफा वीस टक्के आणि खर्च तेहतीस टक्के, असा व्यापार बाजारपेठेतला कोणता शेठ करील?

"पण गोळी कमी खाली येते ना!" हा दादाचा मुद्दा. बरोबर आहे, कमी येते. किती कमी, ते पाहू. दोन्ही बंदुकांचा नेम दोनशे यार्डांवर बिनचूक बसवला, तर तीनशेवर .३०-०६ ची गोळी सुमारे आठ इंच खाली येते आणि मॅग्नमची सात इंच. चारशेवर एकीची चोवीस इंच आणि दुसरीची वीस इंच. म्हणजे चारशे यार्डांवर सगळा मिळून चार इंचांचा फायदा. आडवा वारा ताशी दहा मैलांचा असला, तर चारशेवर .३०-०६ ची गोळी फुटाहून अधिक सरकते. मॅग्नमची त्यापेक्षा दोन-तीन इंच कमी सरकते. पण वारा दहा मैलांचा आहे की पाच मैलांचा, हे डोंगरावर कोण सांगणार? तेवढा अंदाज चुकला की सहा-सात इंचांची चूक तेथेच होते. मॅग्नमने मिळवून दिलेले दोन-तीन इंच त्या चुकीत कोठे बुडाले ते कळतही नाही. शिवाय चारशे यार्ड जायला गोळीला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. चाप ओढला गेल्यावर जनावराने एक पाऊल पुढे टाकले, तर छातीवर धरलेला नेम पोटावर पडतो. त्यावर कोणत्याही कारखान्याने अजून काडतूस काढलेले नाही.

आता आजोबांच्या प्रश्नाकडे येतो. त्यांनी दादाला एक परीक्षा घ्यायला सांगितली. "टेबलावर वाळूची पिशवी ठेवून मारूस नगं. चढ चढून ये, धाप लागू दे, मग गुडघ्यावर बसून शंभर यार्डांवर पाच गोळ्या मार, आणि किती जागेत बसल्या ते सांग." दादाने मित्राची .३०-०६ घेऊन तसे केले. टेबलावरून त्याच्या गोळ्या इंच-दीड इंचात बसत होत्या. धाप लागलेली असताना त्याच गोळ्या पाच इंचांत पसरल्या. मित्राचीच मॅग्नम घेतली तेव्हा सात इंचांत, कारण तिसऱ्या बारापासून त्याचा खांदा आधीच मागे सरकू लागला होता. डोळे मिटून चाप ओढण्याची ही खोड मला चांगली ठाऊक आहे. माझ्या त्या तीन हरवलेल्या गोळ्यांचे रहस्य तेच होते, आणि ते तर .२२ च्या कोवळ्या धक्क्याने झाले होते.

येथून पुढचे गणित सातवीतला मुलगाही करील. शंभरावर पाच इंच, म्हणजे दोनशेवर दहा, तीनशेवर पंधरा, चारशेवर वीस. एल्कच्या छातीतली हृदय आणि फुप्फुसे यांची जागा, जेथे गोळी लागली तर जनावर झटपट मरते, ती सुमारे एक फुटाची धरू. बारा इंचांत बसायचे तर दादाने दोनशे चाळीस यार्डांच्या पुढे बार काढता कामा नये. मॅग्नमच्या सात इंचांनी हिशेब केला तर एकशे सत्तर! म्हणजे लांब मारणारे काडतूस घेऊन दादाची हद्द सत्तर यार्डांनी आखूडच होत होती. आणि दोनशे चाळीस यार्डांवर या दोन काडतुसांच्या खाली येण्यात एक इंचाचाही फरक नाही.

मला येथे जे म्हणायचे आहे ते एवढेच, की लांब पल्ला हा काडतुसाचा गुण नव्हे, तो माणसाचा गुण आहे. तो दुकानात विकत मिळत नाही.

कोणी म्हणेल, चुकली गोळी तर चुकली. एक काडतूस फुकट गेले, एवढेच. पण हा हिशेब खोटा आहे. साफ चुकलेल्या गोळीचे नुकसान शिकाऱ्याचे असते; अर्धवट लागलेल्या गोळीचे जनावराचे. आजोबांनी आम्हांला एक गोष्ट याच वादाच्या वेळी पहिल्यांदा सांगितली. १९६८ च्या उन्हाळ्यात ते रजेवर आले होते. आमच्या थोरल्या आजोबांकडे खानापूरकडच्या शेतात पिकाच्या राखणीसाठी परवान्याची ३१५ बोअरची रायफल होती. तिन्हीसांजेला ओढ्यापलीकडे रानडुक्कर दिसले. अंतर दोनशे पावलांच्या वर. आजोबा पलटणीत नेमबाजीत पहिल्या नंबरात, वय पंचविशीचे. त्यांनी बार काढला. डुक्कर खाली बसले, उठले आणि झाडीत गेले. सोबत थोरल्या आजोबांचा कन्नड बोलणारा गडी होता. तो "गुरी तप्पितु" म्हणाला, म्हणजे नेम चुकला. दोघांनी कंदील घेऊन रात्री रक्ताचा माग काढला, दुसरा दिवसभर काढला, माग हरवला. तिसऱ्या दिवशी दूरच्या टेकाडावर गिधाडे उतरली तेव्हा जागा कळली. गोळी पोटात लागली होती. "दोन दिस ते जनावर जित्तं होतं," आजोबा म्हणाले. "त्याच्या पुढं शंभर पावलांवर मी कधी बार काढला न्हाई." सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षे त्यांनी हे कोणाला सांगितले नव्हते. आमच्या भाषेत याला बुडीत येणे म्हणतात. फरक एवढाच, की बँक बुडीत येणे खात्यातून कमी करून टाकते. आजोबांना ते जमलेले नाही.

आता दुसरी बाजू. मोठे काडतूस हे नुसते सोंग आहे, असे मी म्हणत नाही. आफ्रिकेत डब्ल्यू. डी. एम. बेल नावाच्या शिकाऱ्याने हजाराच्या वर हत्ती मारले आणि त्यांतले बहुसंख्य ७ मिलिमीटरच्या, म्हणजे सैनिकी मापाच्या लहानशा काडतुसाने. त्याला हत्तीच्या कवटीची आतली रचना तोंडपाठ होती. त्याचे हे उदाहरण देऊन छोट्या काडतुसाची तरफदारी करणारे एक विसरतात: ते बेल नसतात. म्हणूनच आफ्रिकेतल्या अनेक देशांत धोकादायक जनावरांसाठी .३७५ मापाची किमान अट कायद्यानेच घातलेली आहे. आपल्या ओळखीचे उदाहरण जिम कॉर्बेटचे. १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल त्याला .२७५ रिग्बी ही हलकी रायफल भेट मिळाली. तीही मूळच्या त्याच ७ मिलिमीटर मापाची. याच हलक्या रायफलीने त्याने पुढे चौगडची वाघीण एका हाताने बार काढून मारली, पण अगदी जवळून. कॉर्बेटचा पल्ला त्याच्या काडतुसात नव्हता. तो त्याच्या पायांत आणि कानांत होता. तो जवळ जाऊ शकत होता.

कोलोरॅडोच्या सरकारनेही एल्कसाठी किमान ठरवून दिले आहे: काडतुसाचे माप पाव इंचाच्या जवळ, म्हणजे .२४ च्या खाली नको, गोळी ८५ ग्रेनहून हलकी नको आणि शंभर यार्डांवर ऊर्जा एक हजार फूट-पौंडांहून कमी नको. अतिलहान काडतुसाने मोठे जनावर जखमी करणे हेही पापच. पण गंमत अशी, की सरकारने किमान ठरवले, अंतराची कमाल मर्यादा ठरवली नाही. ती ज्याची त्याने ठरवायची आहे.

ज्याने वर्षानुवर्षे सराव केला आहे, ज्याच्या खांद्याला धक्का जाणवत नाही आणि ज्याला गवताच्या पात्यावरून वारा वाचता येतो, त्याने मॅग्नम जरूर घ्यावी. त्याच्या हातात ते वीस टक्के खरोखर कामाला येतात. तसेच २००७ साली आलेले ६.५ क्रीडमूर पाहा. मुळात ते नेमबाजीच्या स्पर्धांसाठी काढले. त्याचा धक्का .३०-०६ च्या दोन-तृतीयांशाहूनही कमी, आणि त्याची गोळी लांबट, निमुळती असल्यामुळे वाऱ्यात साध्या आकाराच्या मॅग्नम गोळीपेक्षाही कमी सरकते. हरणांसाठी ते छान. एल्कसारख्या थोराड जनावरासाठी मात्र त्याची ऊर्जा कमी पडू लागते, म्हणून अंतर आखूड ठेवावे लागते.

आणि काडतुसाच्या नावापेक्षा गोळीच्या बांधणीकडे अधिक लक्ष द्यावे. १९४६ साली जॉन नॉस्लर नावाचा शिकारी कॅनडात मूस या महाकाय हरणामागे गेला होता. त्याच्या हातात .३०० चीच एक जुनी मॅग्नम होती. गोळ्या लागल्या, पण चिखलाने माखलेल्या जाड कातड्यावर फुटून वरच राहिल्या. वेग भरपूर असूनही आत शिरल्या नाहीत. घरी येऊन त्याने मध्ये तांब्याची भिंत असलेली गोळी बनवली. तिचा पुढचा भाग पसरतो, मागचा शाबूत राहून आत शिरतो. १९४८ पासून ती बाजारात आहे. मॅग्नम हातात असून जे काम झाले नाही, ते चांगल्या बांधणीच्या गोळीने झाले, हे यातून घ्यावे.

तेव्हा दादासारख्या नवख्या माणसाला माझा सल्ला असा: .३०-०६ किंवा तिच्याच पंक्तीतले मध्यम काडतूस घ्यावे, गोळी पक्क्या बांधणीची घ्यावी आणि मॅग्नमवर जे जास्तीचे पैसे गेले असते, त्यांची आणखी काडतुसे आणून ती कागदावर उडवावीत. आपली हद्द धाप लागलेल्या अवस्थेत मोजावी, आणि ती मोजली की पाळावी.

दादा ऑक्टोबरात मित्राची .३०-०६ घेऊन गेला. चौथ्या दिवशी पहाटे समोरच्या उतारावर एल्कचा नर दिसला. अंतरमापकाने ३८० यार्ड दाखवले. दादाने बार काढला नाही. ओहोळ उतरून जवळ जायला निघाला. अर्ध्या वाटेत वारा फिरला आणि कळप डोंगरापलीकडे गेला. दादा रिकाम्या हाताने परतला. आत्या फोनवर म्हणाली, "एवढे पैसे घालून थंडी खाऊन आलास होय रे!" दादाचे म्हणणे अजून असे आहे, की मॅग्नम असती तर तो नर मिळाला असता. आजोबांनी ते खोडून काढले नाही. "मिळालाबी असता," ते म्हणाले, "आणि न्हाईतर दोन दिस जित्ता ऱ्हायला असता." वाद मिटलेला नाही. यंदा दादा पुन्हा जाणार आहे आणि कोणती बंदूक घेणार ते त्याने सांगितलेले नाही. वसंतापासून तो दर शनिवारी चढ चढून पाच गोळ्या मारतो आणि आकडा मला कळवतो, एवढे मात्र खरे. शेवटचा आकडा साडेतीन इंच होता.

मराठीत नेम म्हणजे बंदुकीचा नेम, आणि नेम म्हणजे आपण स्वतःला घालून घेतलेला नियमही. आपल्या कन्नड विभागातले मित्र सांगतील, की 'गुरी' म्हणजे निशाण आणि 'गुरी' म्हणजे ध्येय. दोन्ही भाषांनी या गोष्टी एकाच शब्दात बांधल्या, त्या उगीच नव्हेत. बंदूक उचलण्याआधी ज्याने दुसरा नेम केला नाही, त्याच्या पहिल्या नेमावर मी तरी विश्वास ठेवणार नाही, मग त्याच्या पुंगळीत दारू पंचावन्न ग्रेन असो की सत्तर.